दीड तास मागे

कुडाळात उजाडतं तेव्हा सोहारमध्ये
पहाटेचे पाचसुद्धा वाजलेले नसतात.
चावदिसाला आक्काचा फोन नेमका तेव्हाच,
तिचं न्हाणं, पणत्या, पोहे सगळं आटोपून:
"काय गो, कारीट फोडलंस मां?"

अकरा वर्षं मी म्हणत आले, फोडलं.

फोडत काहीच नव्हते.
पहिल्या वर्षी न्हाणीच्या दाराशी काकडी ठेवली,
सुपरमार्केटातली, प्लास्टिकात गुंडाळलेली.
ती फुटली नाही, नुसती घसरली,
विद्याधर पडता पडता वाचला
आणि आम्ही हसलो तोंडावर हात दाबून,
खाली रात्रपाळीचा माणूस झोपतो म्हणून.
पुढच्या वर्षी लिंबू. मग एकदा कागदी पेला.
मग काहीच नाही.

बाकी सगळं व्हायचं.
झुलेखाभाभीच्या सोऱ्यातून चकल्या,
मोज्यांत भरून बॅगेतून आणलेले काळे वाटाणे,
मार्चमध्येच मुदत संपलेलं उटणं.
पाणी तर तापवावंही लागत नाही,
गच्चीवरची टाकीच देते
चुलीवरून उतरवल्यासारखं.
तरी न्हाऊन बाहेर आलं की वाटायचं
काहीतरी राहिलंय,
अंथरुणात पडल्यावर दोरीवरचे कपडे आठवतात, तसं.

यंदा हमूदच्या पिकअपमधून वादीत गेलो होतो,
सुट्टीच्या दिवशी, चहाचा थर्मास घेऊन.
कोरड्या पात्रात दगडगोट्यांवर पसरलेला वेल,
आणि शाल्मली ओरडली,
"आई, कलिंगडाची पिल्लं!"
मुठीएवढी, हिरवी, वर पिवळे पट्टे.
हमूद धावला. हंधल, हंधल! तोंडाला लावू नको!
मग शांत होऊन म्हणाला,
आमची म्हातारी हे अनवाणी तुडवायची.
गुडघे दुखायचे तिचे.
तळव्यातून कडू चढत चढत जिभेवर आलं
की म्हणायची, झालं, आता उतरेल.

मी विचारलं, कुठल्या पायाने?
त्याने जरा विचार केला.
"दोन्ही."

चार फळं आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून.
तीन दिवस फ्रिजवर ठेवली,
येता-जाता बघत होते, पळून जातील अशी.

पहाटे बाथरूमच्या टाइल्सवर
विद्याधरने डावा अंगठा दाबला.
आधी काही नाही.
मग तो आवाज,
आमच्या परसातला, तुळशीमागचा,
आक्का आणि मी एकमेकींना ढकलत असू तो.
शाल्मली "गोविंदा" म्हणाली, जरा लाजत,
कुणी ऐकत तर नाही ना असं.
जिभेला नाही लावलं, हमूदचा शब्द होता.
एक बी तेवढं कपाळाला.

फोन वाजला. फोडलंस मां?
हो, म्हटलं, आणि आक्का, पहिल्यांदाच.
सगळं सांगितलं, काकडीसकट.
ती हसेल असं वाटलं होतं.
तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.
"आमी तरी खंय फोडतो गो.
गडगो सिमेटाचो केलो
तेवापासून येल नाय. तीन वर्सां झाली."
मग मला का विचारतेस दरवर्षी?
"मगे, इचारूक नको?"

विद्याधर सहाच्या बसने कामावर गेला,
पोह्यांचा डबा घेऊन, केस ओलेच.
इकडे सुट्टी नसते.
शाल्मलीची शाळाही होती.
मी फरशी पुसली, दोनदा,
वास गेला नाही.

दुपारी एकटीच जेवताना
जीभ कडू झाल्यासारखी वाटली.
घोटभर पाणी प्यायले, तरी होतीच.
उरलेली तीन अजून फ्रिजवर आहेत.
हमूदचं ऐकायला हवं होतं.
दोन्ही पायांनी.