जागा पुरली नाही

माजलगावच्या बायपासला, नव्या मोंढ्याच्या अलीकडं,
त्या दवाखान्याची पाटी मी रंगवलेली.
चार बाय दीडचा पत्रा. पांढरी जमीन, लाल अक्षर.
मजकूर त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला :
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.

अंदाज चुकला माझा.
'गर्भलिंग'लाच निम्मा पत्रा गेला.
'केले जात'पर्यंत येता येता कड आली
आणि 'नाही' राहिला.
तो कोपऱ्यात बसवला, करंगळीएवढा.
त्याची वेलांटी खिळ्याच्या भोकावर गेली.
म्हटलं, डॉक्टर, पुसून पुन्हा काढतो.
वर न बघता म्हणाले, राहू द्या, चालतंय.
कंपाउंडर हसला.
का हसला, ते तेव्हा कळलं नाही.

दोन वर्षांनी कळलं.
दैवशाला चार वर्षांची, धाकटी रांगती,
अनुसयेला तिसऱ्यांदा दिवस गेलेले.
मेव्हणा म्हणाला, पाटी तुमचीच की दाजी,
तुम्हाला कमी करतील.
केले. दोन हजारांनी.

अनुसया चौथी शिकलेली.
बाकड्यावर बसून माझी पाटी वाचत होती,
ओठ हलवत, अक्षर अक्षर.
'जात'पाशी थांबली.
पुढं काय लिवलंय हो? म्हणाली. दिसंना.

मी म्हणालो, काही नाही.

आत तिच्या पोटावर गार मलम,
पडद्यावर राखाडी गिचमीड.
डॉक्टर एक शब्द बोलले नाहीत.
कायदा म्हणजे कायदा.
फक्त तारीख टाकून दिली : शुक्रवारी या.
सोमवार टाकला असता तर
आम्ही येताना पेढे घेतले असते.
एवढी बाराखडी अख्ख्या तालुक्याला येत होती.

शुक्रवारी मी नव्हतोच.
तेलगावला जिनिंगच्या भिंतीवर
सिमेंटची जाहिरात काढत होतो, पंधरा फुटी हत्ती.
मेव्हण्यानं तिला नेलं, मेव्हण्यानं आणलं.
रात्री घरी आलो तर ती भिंतीकडं तोंड करून.
दैवशालानं विचारलं, आईला काय झालं?
ताप, म्हणालो.
हातावरचा लाल रंग रॉकेलनं काढत बसलो.
त्या दिवशी लाल वापरलाच नव्हता,
हे नंतर आठवलं.

अनुसया शुक्रवारी भाकरी थापत नाही.
शेजारणींना वाटतं देवीचा उपास.
तिनं कुणाला खोडलं नाही,
मलाही नाही.

आता फ्लेक्स आले. ब्रश वाळून कडक झाले.
परवा कंपाउंडरचा फोन,
तपासणी पथक येतंय, पाटी गंजलीय,
पत्रा तोच, अक्षरं तेवढी उजळून द्या.
दैवशालाला नेलं सोबत. बारावी झाली तिची.
पाण्याच्या कागदानं सगळं घासून काढलं,
'नाही' सगळ्यात आधी गेला.

नीळ लावलेली दोरी. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं.
तिनं चिठ्ठी वाचली, अक्षरं मोजली,
पत्र्याची लांबी मोजली, हातावरच भागाकार केला
आणि पेन्सिलीनं खुणा करत गेली,
शेवटच्या शब्दापासून मागं मागं.
म्हणाली, आबा, आधी मोजायचं असतं ना.
जागा होती की.

बाकड्यावर एक पोर बसलेली, पोटुशी,
शेजारी सासू, पिशवीत फाइल.
पोर आमच्या कोऱ्या पत्र्याकडं बघत होती,
ओठ मिटून.

दोरी ताणली. मधोमध चिमटीत धरून
दैवशालानं चटका दिला.
निळी रेघ उमटली, सरळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत.
सोडा आता आबा, म्हणाली.

सुटंना.