प्रश्न एकोणिसावा

बिश्केकहून आलेला पोरगा पातळ बुटांत
शेगडीला चिकटून बसलाय. मांडीवर फॉर्म.
"एक ते पाच. पाच म्हणजे पूर्ण सहमत," म्हणतो,
"'ही शाळा मला माझी वाटते.'"

मी पेन काखेत धरते.
जानेवारीत शाई आधी ऊब मागते, मग अक्षर देते.

माझी कशी असेल?
छप्पर सरकारचं, कोळसा जिल्ह्याचा,
घंटा म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकाची लोखंडी कड,
ती ओरोजबेकच्या बापाची, अजून परत मागतो.
माझा फक्त दरवाजा:
डावीकडून उचलायचा, मग ढकलायचा.
सगळ्या खोऱ्यात हे माझ्याच हाताला ठाऊक.

दोनदा राजीनामा लिहिला.
पहिला मुख्याध्यापक तोक्तोसुननी वाचला,
घडी घातली, म्हणाले,
"गुरुवारी कोळशाचा ट्रक येतोय. पोती कोण मोजणार?"
एवढंच. कौतुक नाही, विनवणी नाही.
तणतणत घरी गेले.
गुरुवारी पोती मोजली. बेचाळीस.
पावतीवर पन्नास.
ड्रायव्हरशी भांडून आठ उतरवून घेतली
आणि त्या रात्री, कितीतरी महिन्यांनी,
मेल्यासारखी झोपले.

दुसरा लिहिला तेव्हा आई गेली होती.
चाळिसावा उरकून परतले, तर फळ्यावर
माझ्या अक्षरातली तारीख तशीच.
तोक्तोसुननी माझे तिन्ही वर्ग
तिच्याभोवतीच्या रिकाम्या जागेत शिकवले होते,
गणितं कोपऱ्यात दाटीवाटीने.
कुणी काही बोललं नाही.
चोल्पोननं तेवढं विचारलं, "बाई, आता पुसू?"
राजीनामा कोटाच्या खिशात होता.
कोट अजून आहे.

पण याला प्रेम लिहू नकोस, पोरा.
मुलगी फोनवर म्हणते, "आई, तू घाबरतेस."
असेलही.
शहरातल्या शाळेत साठ शिक्षक,
मी नसले तरी घंटा व्हायची ती होईलच.
इथे एक दिवस धुराडं गार दिसलं
तर घोड्यावरचा माणूस लगाम खेचतो,
कुंपणावरून ओरडतो, "बुरुल, बरी आहेस ना?"
ही हाव आहे. भुकेसारखी.
तुझ्या फॉर्मवर तिला चौकट आहे का?

आणि असेही दिवस येतात
की बाकं एकेक करून नदीत सोडावीत.
पगार दोन महिने मागे,
ओली लोकर आणि लसणाचा वास,
चोल्पोन सातचा पाढा चौथ्यांदा विसरलेली,
मी तिच्यावर असं खेकसलेली
की माझंच मला ऐकवेना.

पाय निघत नाही म्हणावं,
तर तो रोज निघतो, साडेतीनला, बर्फ तुडवत.
सकाळी मला न विचारता परत येतो.

चहावर साय धरली.
"मग तीन लिहू?" पोरानं विचारलं.
"लिही."
त्यानं लिहिलं, खोडलं, चार केलं,
माझ्याकडे न बघता कागद पिशवीत सारले.
टोपी घातली. दरवाजा ढकलला.
पुन्हा ढकलला. खांदा लावला.
मग वळून पाहिलं.

मी लगेच उठले नाही.