विषम

पाच नकार गोल बसवले,
शेवटच्याचं शेपूट पहिल्याच्या तोंडात.
एक हो म्हणाला की पुढचा नाही,
त्याच्या पुढचा त्या नाहीलाही नाही,
आणि फेरी पुरी होते तेव्हा पहिल्याला
स्वतःचंच बोलणं उलटं ऐकू येतं.
चार असते, तर दोन तट पडून
केव्हाच गप्प झाले असते.
विषम आहेत म्हणून हलतात.
एवढंच माझं यंत्र.

"तुझी पोरं वीज फार खातात,
उपाशी ठेव," तेलंग सर म्हणाले.
म्हणून प्रत्येकाच्या वर-खाली
ट्रान्झिस्टरच्या तोट्या बसवल्या,
तोट्यांवर आठ बिटांचा पहारा.
रामबागेत नर्मदा येते ना,
एक दिवसाआड, करंगळीएवढी धार,
तशी वीज सोडली.
नकार चालू राहिले,
फक्त वेळ लावायला लागले.
आणि तोट्या पूर्ण बंद केल्या
तरी कुठूनतरी गळतंच थोडं.

सत्तेचाळीस मायक्रोवॅट.
खाली येईना.

मथूआत्याच्या कानातल्या यंत्राचा सेल
दुकानदाराच्या हिशेबाने आठवडाभर चालतो.
आत्या सतरा दिवस चालवते.
काकू बोलायला लागली
की नखाने यंत्राचं इवलं दार उघडते,
आणि मान हलवत राहते.
"मग कळतं कसं, केव्हा लावायचं?"
मी हातवारे करून विचारलं.
"ओठ बघते. ठाऊक असलेलंच असेल
तर त्याला सेल कशाला जाळायचा?
नवीन काही दिसलं की लावते.
सात वर्षांत फार वेळा
लावावं लागलं नाही."

रात्री पावणेदोनला
पाचांतला एक नकार काढला,
त्याच्या जागी दोन कानांचा बसवला.
एक कान शेजाऱ्याकडे,
दुसरा दाराकडे: काम आहे का?
नसेल तर तो एका शब्दावर अडून बसतो
आणि मागोमाग सगळी रांग
जिथल्या तिथे थांबते.

एकोणीस. मग पुन्हा चालवून पाहिलं.
एकोणीसच.

तीनच्या सुमारास आत्या पाणी प्यायला उठली.
मी घाईघाईने सगळं सांगितलं,
दोन कान, रांग, आकडा.
ती पेला हातात धरून
माझ्या ओठांकडे बघत राहिली.
यंत्र गाऊनच्या खिशात होतं.
तिने ते काढलं नाही.