कोण कुणाचं लागतं

डंडीत नोव्हेंबरात चारच्या आतच दिवे लागतात.
पडद्यावर हजारावर ठिपके,
एकेक ठिपका म्हणजे एकेक आजार.
दोघांत एखादं बिघडलेलं जनुक सामाईक निघालं
की मी मध्ये रेघ ओढते.
म्हणजे प्रोग्राम ओढतो, मी गार झालेला चहा पिते.

कर्करोगांचा गोतावळा मोठा, लग्नघरासारखा.
रक्ताचे आजार आपली वेगळी पंगत धरून,
आणि कडेला काही अगदी एकटे,
ज्यांना कुणी अक्षत दिली नाही.

तुम्ही त्यांचे कोण लागता?
आमच्याकडे पहिल्या भेटीतच विचारतात.
मी दिवसभर रोगांना विचारते.

आज एक रेघ
जन्मजात बहिरेपणापासून निघाली
आणि कुठेही न थांबता
हृदयाच्या ठोक्यांपाशी गेली.
क्षारांची ये-जा राखणारं एकच दार,
कानातही तेच, काळजातही तेच.

घरमालकीण मोराग गेडिसच्या जिन्यातला फोटो आठवला.
इयन, नऊ वर्षांचा, जन्मापासून बहिरा.
१९७१ साली पोहण्याच्या तलावात उडी मारली
ती मारलीच.
सगळ्यांनी बाहेर या, म्हणून शिट्टी झाली होती.
"त्याला ऐकू आली नसणार," ती अजून सांगते,
"मी काठावर असते तर हात हलवला असता."
सदतीस वर्षं
तो हात तिने खाली घेतलेला नाही.

रेघ म्हणजे निदान नव्हे,
हे माझ्याच अहवालात, पान चारवर, मीच लिहिलंय.
शिवाय मी डॉक्टर नाही, भाडेकरू आहे.
पण कर्स्टी, तिची नात,
दर शनिवारी पोहायला जाते.
इयनची ती भाचीच लागते.

संध्याकाळी मोराग बटाटे सोलत होती.
म्हटलं, कर्स्टीच्या हृदयाचा एकदा आलेख काढून घ्या.
सुरी थांबली.
"का गं?"

गॅसच्या बिलाच्या पाकिटावर
मी दोन ठिपके काढले,
एकाशेजारी कान लिहिलं, दुसऱ्याशेजारी हृदय,
मधली रेघ ओढताना पेन दोनदा अडलं.

ती बराच वेळ पाकीट हातात धरून होती,
सालीचं पाणी त्यावर उतरत होतं.
मग म्हणाली,
"म्हणजे शिट्टीचा
काही संबंध नव्हता?"