पाण्याची रेघ

रान्वाला वाघ व्हायचं नाहीये.
फुलपाखरू तर मुळीच नाही, वर्गात आधीच पाच आहेत.
"मला टेर्ना कर," म्हणते,
आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून
डोळे मिटून, हनुवटी पुढे काढून बसते
गोदीत ओढून घेतलेल्या बोटीसारखी.

टेर्ना म्हणजे तिच्या आईचं जहाज.
मारयुन त्यावर इंजिनियर,
सहा आठवडे झाले, उत्तरेला, जिथे कॉड आहे तिथे.
दर दोन वर्षांनी ते आमच्या स्कालाच्या गोदीत येतं
आणि त्याचं पोट मी रंगवतो.
आधी खरवडायचं, मग अस्तर, मग लाल,
लालच्या वर निळा,
दोघांमध्ये पांढरी रेघ, ती पाण्याची.
एकवीस वर्षांचा हात आहे.
पण त्या हाताला सवय साठ मीटरची.
इथे अख्खं जहाज माझ्या एका तळव्यात मावतंय
आणि गुदगुल्या झाल्या की हलतंय.

खरवडायला फार नव्हतं, सकाळचा जॅम.
अस्तराला थंडीतलं क्रीम.
मग लाल: गळा, हनुवटी, ओठ.
रेघ कुठे मारू?
"नाकाच्या खाली," डोळे न उघडता,
"नाहीतर नाकातोंडात पाणी जाईल."

वरचं सगळं निळं केलं. कपाळावर पांढरी केबिन, तिला खिडकी.
खिडकीत आई काढू का, विचारलं.
"आई खाली असते," म्हणाली. "आवाजात."

मग एक डोळा उघडून किटलीच्या पोटात स्वतःला पाहिलं.
"एवढं लाल का?"
पाण्याखालचं अंग लालच असतं, मी म्हणालो.
"ते माहितीय. पण एवढं दिसतंय म्हणजे
जहाज रिकामं आहे.
रिकामं असलं तर ते परत नाही फिरत."

ब्रश हातात तसाच.
एकवीस वर्षं मी जहाजं पाहिली ती कोरडी,
ठोकळ्यांवर उभी, पोटं उघडी टाकून.
भरलेलं जहाज रंगवायला कोण आणतं?
लाल कुठवर लावायचं ते मला ठाऊक.
त्यातलं किती बुडतं
ते धक्क्यावर उभं राहणाऱ्याला.

ओलं फडकं घेतलं. अर्धं काम पुसलं.
हनुवटी पुन्हा हनुवटी झाली, मग निळी, ओठही निळे.
लाल उरलं जबड्याखाली, बोटभर.
पांढरी रेघ या कानापासून त्या कानापर्यंत
श्वास धरून ओढत नेली,
आणि शेवटी, डाव्या कानाच्या अलीकडे,
तिला उचकी लागली.
रेघ खाली घसरली.
"राहू दे," ती म्हणाली. "उशीर होतोय."

शाळेच्या हॉलमध्ये पिंप दोरीला टांगलेलं.
पूर्वी म्हणे आत मांजर असायचं, आता गोळ्या.
सोल्वाबाई म्हणाल्या, अरे वा, पेंग्विन!
रान्वा काही बोलली नाही.
दांडकं घेऊन रांगेत उभ्या बार्दुरने
(त्याचा बाप दुसऱ्या जहाजावर, तिकडेच)
तिच्याकडे एकदा पाहिलं,
आणि हवा कशी आहे सांगावं तसं म्हणाला,
"टेर्ना. भरलेली."

पिंप फुटलं. कुणी फोडलं ते मला दिसलं नाही,
मी फोटो पाठवत होतो.
उत्तरेला सिग्नल येतो जातो.
आम्ही गाडीपाशी पोचलो तेव्हा उत्तर आलं:

जहाज डावीकडे झुकलंय.
माल नीट लावा.

वाऱ्यात उभं राहून मी ते वाचून दाखवलं.
ती हसली नाही.
कोटाच्या डाव्या खिशात हात घातला,
गोळ्या मोजल्या, ओठ हलवत,
आणि निम्म्या
उजव्या खिशात टाकल्या.