म, मग काही नाही, मग राद

सावईवेऱ्याच्या वळणावर आमची नर्सरी.
मार्करवर छापलं होतं, पर्मनंट.
दोन पावसाळे आणि मधलं एक ऊन,
तेवढ्यात पर्मनंट संपलं.

आधी मात्रा जातात.
मग उकार, वेलांट्या,
जे जे ओळीबाहेर लोंबतं ते.
मग अक्षरांची पोटं विरतात
आणि उरते नुसती शिरोरेषा,
वाळलेले कपडे काढून नेल्यावर
दोरी राहते तशी.
अनुस्वार तेवढे वाढतात.
माशा येऊन बसतात, आणि जाताना
कुठल्याही शब्दाला
नाकात बोलायला लावून जातात.

ठकसो कलमं बांधायचा त्याला पाट्या लागत नसत.
पान चुरगाळून नाकाशी न्यायचा,
म्हणायचा, हा हिलारियो.
हा फेर्नांदीन, ह्याला घाई नाही.
गिऱ्हाईक फारच पणजीचं दिसलं
तर बियरच्या डब्याची पट्टी कापून
खिळ्यानं नाव कोरून द्यायचा,
तेही तोंड वाकडं करून.
मी शिकले ती मार्कर हातात घेऊन.
पान मीही चुरगाळते.
मला सगळ्यांतून
आंब्याच्या पानाचा वास येतो.

विहिरीकडच्या रांगेत चौदा कलमं होती,
सगळी कमरेइतकी.
प्रत्येक पट्टीवर म,
मग पांढरं,
मग राद.

मानकुराद असेल.
मुसराद असेल.
एक कापून, दार लोटून, कुणाशी न बोलता खायचा.
दुसरा साखरेत शिजायचा.
दोघांमधला फरक
नेमका उन्हानं खाल्लेला.

चांदरहून इश्पेरांसाबाय आल्या.
रस्ता रुंद झाला त्यात त्यांचं झाड गेलं होतं,
तसंच हवं होतं, त्याच जागी नाही तर जरा आत.
“मानकुरादच ना गो?”
मी पट्टी वाचल्यासारखं केलं.
वाचताना ओठसुद्धा हलवले.
म्हटलं, होय.
साडेतीनशे रुपये.
वर शेणखताची पिशवी फुकट दिली,
तेव्हाच त्यांना कळायला हवं होतं.

सहा वर्षं झाली.
तिसऱ्यात ठकसो गेला.
मार्करच्या टोपणाचा रंग बदलला,
छापलेला शब्द तोच.

काल त्या पुन्हा आल्या, रिक्षा उभी ठेवून.
टेबलावर बाटली ठेवली, मांगाडाची,
अजून कोमट.
वर चिकटवलेला वहीचा कागद,
रोमी लिपीत, पेन्सिलीनं, दाबून दाबून:
मुसराद.
मी पैशांच्या डब्याकडे हात नेला.
त्यांनी तो नुसता पाहिला, हात.
म्हणाल्या, “झाड बरं धरतं.”
आणि पायरी उतरता उतरता,
“पेन्सिल वापर गो. पेन्सिल उन्हाला भीत नाही.”

रिक्षा गेल्यावर बोट बुडवून चाटलं.
चांगलं होतं. फार चांगलं होतं.
बाकीची बारा आता कुणाच्या परसात
काय म्हणवून घेत असतील?

कारण एक अजून इथंच आहे.
पिशवी फाडून मुळं खाली गेली त्याची,
मग कुणाला देता आलं नाही.
यंदा पहिला मोहोर धरलाय,
मूठभर, विहिरीच्या बाजूला.

मुलाच्या दप्तरातली पेन्सिल घेऊन गेले.
नवी पट्टी, डब्याचीच, ठकसोची कात्री.
मुसराद लिहायला काय हरकत होती?
पण आठवलं,
त्या दिवशी त्यानं दोन्ही झाडांच्या काड्या आणल्या होत्या,
एकाच ओल्या गोणपाटात.
किती कुठल्या, ते त्यानं सांगितलं असणार.
मी तेव्हा मार्करचं टोपण शोधत होते.

म लिहिला.
दोन बोटं जागा सोडली.
राद लिहिलं.
पेन्सिल तिथंच, फांदीला,
सुतळीनं बांधून ठेवली.