प्रतियोगी

घाटंजीच्या कॉलेजात एकोणतीस वर्षं
मी एकच वाक्य शिकवलं:
जमिनीवर घट नाही.
फळ्यावर काढायचे तो घट, जरा वाकडाच यायचा,
आणि मागून कुणीतरी म्हणायचं,
मॅडम, हा तर आहे ना.

नैयायिक म्हणतात, अभाव दिसतो,
पंखा दिसतो तसा, खडू दिसतो तसा.
भाट्ट म्हणतात, दिसत नाही, वेगळ्या वाटेनं कळतो.
प्राभाकर म्हणतात, नुसती जमीन आहे,
उगाच काय ते वाढवता.
हजेरीपटावर चौदा नावं, वर्गात चार.
मी त्या वेळी नैयायिकांच्या बाजूची होते.

सरिता टेकाम, तिसरा बाक.
पारव्याहून सव्वानवाच्या एसटीनं यायची,
दप्तराला मोहफुलांचा वास.
जुलैत एकदा उठून म्हणाली,
मॅडम, आमच्या घरी फ्रीज कधी नव्हताच.
तो नसल्याचं मले कधीच दिसलं नाही.
मायनं शिलाई मशीन इकली, तवा दिसलं.
कोपऱ्यात चार पायांचे चार डाग,
अन् मधात पूर्ण मशीन.

मी खडू खाली ठेवला.
ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी.
तो आधी ठाऊक हवा, नाहीतर अभाव कशाचा?
पीएच.डी.ला याच्यावर माझी चाळीस पानं होती.
चार डागांबद्दल त्यांत काही नव्हतं.

पुढे व्हिएन्नाला गेले, पंधरा मिनिटांसाठी.
सीताबर्डीवरून घेतलेला स्वेटर, बाही लांब.
विषय होता: पूर्वेचं आणि पश्चिमेचं 'नाही'.
तिकडचं जुनं कोडं असं,
की जे नाहीच, त्याला नाव तरी कसं द्यायचं,
नाव दिलं की ते थोडंसं असायला लागतं.
एक म्हातारे प्राध्यापक हे बोलताना
आपला रिकामा कप हलवत होते.
मी मशीनचं सांगितलं.
त्यांनी कप बशीत ठेवला,
आणि विचारलं, कोणत्या ग्रंथात आहे हे?

निबंधात मी तळटीप दिली, क्रमांक अकरा:
टेकाम स., बी.ए. भाग दोन, तोंडी.
संपादकांनी कळवलं, संदर्भ तपासता येत नाही.
छापताना अकरावी गेली,
बारावी अकरावी झाली, तेरावी बारावी.
डागसुद्धा राहिला नाही.

यंदा विषयच बंद झाला.
विद्यापीठाचं पत्र दोन ओळींचं, प्रवेशसंख्या शून्य.
गुलाब खंडारेनं स्टुलावर चढून पाटी काढली,
डेड स्टॉक रजिस्टरात लिहिलं:
कपाट एक, खुर्च्या दोन,
ग्रीसचा नकाशा (इतिहास विभागाला परत करणे).
पाटी कशात धरायची, लाकूड की लोखंड,
यावर आमचं जरा बोलणं झालं.

त्या खोलीत आता पोलीस भरतीची मुलं बसतात.
एकानं माझ्या टिपणांवरचा शब्द वाचला,
प्रतियोगी म्हणजे कॉम्पिटिशनवाले ना मॅडम?
हे पेपराले चालते का?
मी म्हटलं, चालते.
खोटं बोलले की काय, अजून ठरवलेलं नाही.

मागच्या मंगळवारी यवतमाळच्या गाडीत
कंडक्टर सरिता निघाली.
खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं,
केसांत कडेला एक पांढरी बट.
तिकीट फाडता फाडता म्हणाली, कॉलेज काय म्हणते?
मी म्हटलं, आपला विषय बंद केला.
ती पुढे गेली.
दोन पूर्ण, एक अर्धं, सुट्टे काढा काका,
शेवटच्या सीटपर्यंत जाऊन परत आली,
माझ्या सीटच्या दांड्याला टेकून उभी राहिली.

कोणाले दिसलं का पण?

मी खिडकीबाहेर पाहिलं. तुरीचे धांडे, कापलेले.
अकोलाबाजार आलं.
चार उतरले, सात चढले,
तिनं दोरी ओढली.